झाड पश्चिमेला, पाचोळा मुळाशी… आणि एसी पडला गार!

‘आज ठाण्याचा पारा ३८!’ अशी बातमी झळकते आणि घरोघरी पंखे पाचवर जातात. पण माहीत आहे का, तो आकडा उन्हातला नसतोच! तो असतो चक्क सावलीतला. हवामान खातं तापमान मोजतं ते पांढऱ्या, झडपा असलेल्या पेटीत ठेवलेल्या तापमापकावर. म्हणजे डोंबिवलीच्या फलाटावर छप्पर संपतं तिथे उभं राहून लोकलची वाट बघणाऱ्याला जे काही भाजतं, ते त्या अडतीसमध्ये धरलेलंच नाही.

त्या पेटीचं नाव स्टीव्हन्सन स्क्रीन. ती तयार केली थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनियरनं. आणि त्याचा मुलगा कोण? ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन! बापानं सावलीची पेटी दिली, मुलानं खजिन्याची.

आता सावलीचाच खजिना उघडू या. झाडाच्या सावलीतली भिंत, फरशी किंवा डांबर हे भर उन्हातल्या भिंत-फरशी-डांबरापेक्षा ऐन दुपारी ११ ते २५ अंशांनी गार असू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. हवेत एवढा फरक पडत नाही, तिथे तो एक ते पाच अंशांचा. पण घर तापतं ते मुख्यतः भिंती आणि गच्ची तापल्यामुळे. त्यामुळे ते ११ ते २५ लक्षात ठेवा.

बाय द वे, उष्णतेच्या लाटेलाही पत्ता विचारला जातो, माहीत आहे का? मैदानी भागात पारा चाळिशीला गेल्याशिवाय लाटेची चर्चाच होत नाही. किनारपट्टीवर मात्र ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, एवढ्यावर लाट घोषित होऊ शकते. कारण उघड आहे. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीराचा स्वतःचा कूलर बंद!

सावली गायब, सूर्य उत्तरेला!

वर्षातले दोन दिवस असे येतात की ठाणे-कल्याणमध्ये भर दुपारी सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. एक मेच्या मध्यावर, दुसरा जुलैच्या अखेरीस. हे शून्य सावलीचे दिवस. जुलैमधला बहुतेक वेळा ढगांच्या मागेच उरकतो, मेमधला मात्र हाऊसफुल्ल.

इथपर्यंत अनेकांना ठाऊक असतं. पुढचं माहीत आहे का? या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या चक्क उत्तरेला असतो! ‘ऊन दक्षिणेकडून येतं’ हा नियम तेवढे दिवस रद्द. मे महिन्यात दक्षिणेची भिंत दुपारी जवळजवळ सुटते. मार खाते ती गच्ची, आणि तीन वाजल्यानंतर पश्चिमेची भिंत. मेच्या मध्यात सूर्य मावळतो तोही बरोबर पश्चिमेला नाही, तर तिथून सुमारे २० अंश उत्तरेकडे सरकून.

म्हणून बंगला असो, चाळ असो की सोसायटी, जागा एकाच झाडापुरती असेल तर ती पश्चिमेला किंवा वायव्येला द्या. दुसरं मिळालं तर पूर्वेला. दक्षिणेची बाजू डिसेंबर-जानेवारीच्या कोवळ्या उन्हासाठी मोकळी राहिली तरी काही बिघडत नाही. इंचाइंचाला भाव असलेल्या ठाण्यात ही एक गोष्ट कळली तरी अर्धं काम झालं.

दीड टन म्हणजे दीड टन काय?

एसीच्या दुकानात आपण ‘दीड टनाचा दाखवा’ म्हणतो. एसीचं वजन दीड टन असतं का? मुळीच नाही. हा हिशेब बर्फाचा! एक अमेरिकन टन, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता ओढून घेणारं यंत्र ते एक टनाचं. एसीच्या आधी बर्फाच्या लाद्यांनी खोल्या गार करत, त्या काळाची ही आठवण दुकानातल्या स्टिकरवर अजून चिकटून आहे.

आणि पहिला आधुनिक एसी माणसांसाठी नव्हताच! १९०२ मध्ये विलिस कॅरियरनं तो तयार केला ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगीत छपाई हुकायची. कागदाला गारवा आधी मिळाला, माणसाचा नंबर मागून लागला.

आता झाडाचा टन मोजू या. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांतून वाफ करून सोडतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते आणि ती आसपासच्या हवेतून, पानांतून उचलली जाते. एखाद्या मोठ्या झाडानं दिवसभरात १०० लिटर पाणी सोडलं, तर ६८ युनिट उष्णता खलास! दीड टनाचा एसी तेवढी उष्णता हलवायला जवळजवळ १३ तास सलग चालावा लागेल. फरक असा, की एसी खोलीतली उष्णता गल्लीत ओततो आणि झाड गल्लीतलीच गिळतं. दमट दिवशी पानांतून पाणी कमी उडतं, हे खरं. म्हणून आपल्याकडे झाडाची पहिली कमाई सावली, आणि वाफेचा गारवा हा बोनस.

पण हे १०० लिटर आणायचे कुठून?

चार महिने धो धो, आठ महिने ठणठण

इथे आपल्या भागाची खरी गंमत आहे. ठाणे जिल्ह्यात पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि तरी नवं रोप तहानेनं मरतं! कारण सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. ऑक्टोबर ते मे आभाळ कोरडं. जुलैत फोटो काढून लावलेलं रोप मार्चपर्यंत टिकलं, तर ते माणसानं टिकवलेलं असतं.

आणि नळाचं काय? ठाणे परिसराला पाणी देणाऱ्या एका मोठ्या संस्थेचं नाव आहे शहाड-टेमघर, म्हणजे ‘स्टेम’. नावातच खोड! पण दुरुस्तीसाठी शटडाऊन जाहीर झाला की माणसांच्याच बादल्या रांगेत लागतात, खोडाला पाणी कुठून मिळणार?

म्हणून आता एन्ट्री घेतोय आजचा खरा हीरो. फुकट, घरपोच, रोज सकाळी झाडूखाली सापडणारा… पाचोळा!

मुळावर पांघरूण

शेतकरी याला आच्छादन म्हणतात, नर्सरीवाले मल्चिंग. झाडाच्या बुंध्याभोवतीची उघडी माती झाकायची, बस्स. वाळलेली पानं, भाताचा पेंढा, भाताचं तूस, नारळाची सोडणं, गवताची कापणी, उसाचं पाचट, जे हाताशी असेल ते. माती झाकली की ऊन थेट पोचत नाही, ओल उडत नाही, तण उगवत नाही, आणि खालचा थर हळूहळू कुजून खत होतो. चार कामं, पगार शून्य.

माहीत आहे का, आच्छादनाला पद्मश्रीपर्यंत पोचलेली कारकीर्द आहे? विदर्भातले सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीचे चार खांब आहेत: बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा. पाळेकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या इतर दाव्यांवर शास्त्रज्ञांचे वाद झडत राहतात. आच्छादनावर मात्र सगळ्यांचं एकमत.

थर किती? दोन ते चार इंच. त्याहून पातळ असेल तर ऊन आत शिरतं, त्याहून जाड असेल तर हलका पाऊस मातीपर्यंत पोचतच नाही.

आणि आकार? मेदूवड्याचा! मधलं भोक खोडासाठी मोकळं, गोल रिंग बाहेर. खोडाला टेकवून ढीग रचला की साल सतत ओली राहते, बुरशी येते, कीड येते आणि झाड खालून सडायला लागतं. कोकणच्या पावसात तर ही चूक फार महागात पडते. खोडापासून निदान वीतभर जागा सोडा. भिंतीपासूनही फूटभर सोडा, म्हणजे वाळवीला घरात यायला पूल मिळणार नाही.

पाचोळ्यासाठी कमिशन बसलं होतं!

आज सोसायटीच्या गेटबाहेर काळ्या पिशवीत बसलेल्या या पाचोळ्यासाठी एकेकाळी ठाणे जिल्हा पेटून उठला होता, माहीत आहे का?

गोष्ट राबाची. ठाणे-कुलाब्यातले शेतकरी भाताची रोपं तयार करण्याआधी त्या तुकड्यावर ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि गवत यांचे थर पसरून ते भाजत. त्यानं तण मरतं आणि राख मातीत मिसळते. इंग्रजांच्या जंगल खात्यानं जंगलं राखीव करून या पाल्यावर बंधनं आणली, आणि एवढा असंतोष झाला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या रयतेच्या तक्रारी हा त्याच्या कामाचा गाभा होता. १८८७ मध्ये अहवाल आला. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या पानांचा प्रश्न थेट सरकारदरबारी जाऊन आला आहे!

राबात पानं जाळत, हे खरं. पण तिथे राख शेतातच राहायची. शहरातल्या शेकोटीत काय उरतं? धूर, खोकला आणि दंडाची पावती. हो, दंड! राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली. साधा कचरा जाळला तर ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये. वाळलेली पानंही त्यात आलीच. तीच पानं झाडाखाली पसरली तर खर्च शून्य. निवडा!

देवराईत तर हा नियम फार जुना. महाराष्ट्रातल्या कित्येक देवरायांमध्ये झाड तोडणं सोडाच, पडलेला पाचोळा आणि वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा दंडक आहे. देवाच्या नावानं राखलेलं हे आच्छादन! एप्रिल-मेमध्ये भोवतालचा डोंगर पिवळा पडतो तेव्हा देवराईतली जमीन ओली असते, त्यात या नियमाचा मोठा वाटा आहे.

हीच युक्ती जपानमध्येही सापडली. वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी तिथल्या मंदिरांभोवतीची जुनी राखीव वनं अभ्यासली आणि त्यावरून स्थानिक झाडं दाट लावण्याची पद्धत बसवली: एका चौरस मीटरमध्ये तीन ते पाच रोपं! आता आपल्याकडेही सरकारी मोकळ्या जागेत ‘मियावाकी’ची पाटी दिसते. दाट लागवड सगळ्यांच्या लक्षात राहते. पण मियावाकींच्या कृतीत रोपांखाली पेंढ्याचा जाड थर अंथरून तो दोरीनं बांधायचाही असतो. तो थर दिसला नाही, तर पाटी खरी पण रेसिपी अर्धी!

डार्विन आणि गांडुळांची मैफल

उत्क्रांतीवाला चार्ल्स डार्विन आपल्या शेवटच्या पुस्तकात कशावर लिहून गेला? माकडांवर? नाही. गांडुळांवर! १८८१ मध्ये ते पुस्तक आलं आणि पुढच्या वर्षी डार्विन गेला.

त्यानं गांडुळांना ऐकू येतं का हे तपासायला घरातच मैफल भरवली. शिट्टी वाजवली, मुलाकडून ‘बासून’ नावाचं सुषिर वाद्य वाजवून घेतलं, पियानो वाजवला. गांडुळं ढिम्म! पण त्यांच्या कुंड्या पियानोवरच ठेवून सूर दाबला, तशी ती झटकन बिळात. कानांना नाही, पण अंगाला कंप कळतो.

आपल्या कामाचा भाग पुढे आहे. गांडुळं पानं ओढून बिळात नेतात, आणि बहुतेक वेळा निमुळत्या टोकाकडून धरून नेतात, म्हणजे पान अडकत नाही. डार्विननं कागदाचे त्रिकोण कापून दिले, तर तेसुद्धा त्यांनी बरेचदा टोकाकडून ओढले! त्याचा अंदाज असा, की इंग्लंडमधल्या एका एकरात गांडुळं वर्षाला दहा टनांहून जास्त माती खालून वर आणतात. आपण आच्छादन पसरतो ते या कामगारांचं जेवणाचं ताट. जमीन उघडी ठेवली की ते काम सोडून जातात.

नारळाचा ओव्हरटाइम

नारळ सोलला, सोडण फेकलं? थांबा! नारळाचं सोडण स्वतःच्या वजनाच्या तीन ते पाच पट पाणी धरून ठेवू शकतं. म्हणून नारळाच्या बागांत झाडाभोवती चर खणून सोडणं खोलगट बाजू वर ठेवून पुरतात. पुढची पाच-सात वर्षं ती ओल सांभाळतात.

एक सावधगिरी मात्र पाळाच. पुरताना खोलगट बाजू वर. पण मातीवर नुसतीच पसरणार असाल, तर करवंटी असो की शहाळ्याची टोपी, ती पालथी घाला. उताण्या करवंटीत साचलेलं चमचाभर पाणी डेंग्यूच्या डासाला पुरतं.

खड्डा खणला आणि… टाइल निघाली

नव्या सोसायटीत झाड लावायला खड्डा खणा, मातीच्या आधी काय निघतं? विटांचे तुकडे, सिमेंट, फुटक्या टाइल्स. आवाराचा भराव म्हणजे मुरूम आणि डबर. त्यात रोप कोंबलं तर ते जगेल कशावर? दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा, डबर बाहेर, चांगली माती आणि कुजलेलं खत आत, एवढं तरी हवंच.

पानांपासूनच माती बनवायची असेल तर कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांकडे वळा. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’नं पालापाचोळ्यापासून तयार केलेल्या मातीवर घरच्या गच्चीतही भरघोस पीक घेता येतं हे दाखवलं. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक आजही गच्चीवर बाग करणाऱ्यांना वाट दाखवतं.

प्लास्टिकची पिशवी काढून रोप लावा. सांगायची गरज पडू नये, पण समारंभी वृक्षारोपणात ती पिशवीसकट पुरलेली रोपं पावसाळ्यानंतर उपटून आलेली पाहिली की जीव जळतो. आणि रोप खोल गाडू नका. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं, ती जागा जमिनीच्या पातळीला दिसली पाहिजे.

पाणी घालायला वेळ नाही? दोन हजार वर्षांहून जुनी टेक्नॉलॉजी हजर आहे. फान शेंगझी या चिनी कृषितज्ज्ञानं लिहून ठेवलंय: मातीचं मडकं रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा, वर झाकण ठेवा. कच्च्या भाजणीच्या मडक्यातून पाणी थेंबाथेंबानं मुळांकडे झिरपतं. त्यावर पाचोळ्याची रिंग घातली की शनिवार-रविवार गावी जाऊन या, खुशाल.

मुळं खोल जातात? गैरसमज!

वरती जेवढं झाड, तेवढंच खाली मूळ, असं चित्र शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात अन्न-पाणी शोधणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात आणि आडवी पसरतात, झाडाच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत! म्हणून पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले की झाडाचा श्वासही कोंडतो आणि पाणीही. हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा एक मीटर अजेंड्यावर घ्यायलाच हवा. घोडबंदर रोडपासून कल्याण पूर्वेपर्यंत पेव्हरनं गळा आवळलेली झाडं जागोजागी दिसतात.

कोण आपला, कोण पाहुणा?

आता क्विझ! गेटपासून पार्किंगपर्यंत रांगेत उभा असलेला तो उंच, सडपातळ ‘अशोक’ खरा की खोटा? खोटा! तो आसुपालव, सावली देण्यात अगदी कंजूष. खरा तो सीता अशोक: बुटका, घनदाट, केशरी सुगंधी फुलांचे गुच्छ मिरवणारा.

गुलमोहर कुठला? मादागास्करचा. देवळातला चाफा? मेक्सिको आणि कॅरिबियनकडचा! रेन ट्री? अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. संध्याकाळी आणि ढगाळ हवेत तो पानं मिटून घेतो, म्हणजे नावात पाऊस आणि पावसात छत्री बंद. पाहुणे सुंदर आहेत, पण गुलमोहराचं लाकूड ठिसूळ. वादळात फांद्या गाडीवर येतात. घराला लागून तो नकोच.

आपली मंडळी काय कमी आहेत? ताम्हण महाराष्ट्राचं राज्यफूल, ऐन उन्हाळ्यात जांभळं होतं. बहावा पिवळ्या झुंबरांनी भरतो, आणि तो फुलला की दोनेक महिन्यांत पाऊस येतो असं जुनी माणसं सांगतात. करंज ऐन वैशाखात दाट हिरवा. बकुळ बारा महिने सावली आणि वर सुगंध फ्री. कांचन, बहावा, सीता अशोक यांना भिंतीपासून दहा-बारा फूट अंतर पुरतं. आंबा, जांभूळ, करंज यांना वीस फूट तरी द्या. वड-पिंपळ मोकळ्या मैदानात शोभतात, ड्रेनेजच्या पाइपाजवळ नाही.

आणि उंबर! उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात. दिसेल कसं? ते फळाच्या आत असतं! आपण फळ म्हणतो तो फुलांनी आतून भरलेला गोळा, आणि काही मिलिमीटरची एक गांधीलमाशी बारीक छिद्रातून आत शिरून परागीकरण करते. येऊरच्या जंगलात उंबर-वडाच्या या फळांवर धनेश पक्ष्यांची पंगत बसते.

कोटींची उड्डाणं

१९५० मध्ये क. मा. मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला आणि जुलैचा पहिला आठवडा रोपांच्या नावे झाला. मग आकड्यांनी झेप घेतली. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये १ जुलैला २ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी! त्याच २०१९ मध्ये इथिओपियानं १२ तासांत ३५ कोटी रोपं लावल्याचा दावा केला.

रेकॉर्ड लावण्याचं होतं. जगवण्याचं रेकॉर्ड कोण ठेवतं? आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. जुलै २०१७ मध्ये अंबरनाथ तालुक्यातल्या मांगरूळला हजारो लोकांनी मिळून लाखभर रोपं लावली. दृश्य भारावून टाकणारं होतं. पुढे कोरड्या महिन्यांत तिथे वणवे लागले आणि कितीतरी रोपं होरपळली. म्हणून टेकडीवर नियम वेगळा: आधी भोवतालचं गवत कापून जाळरेषा काढायची, मगच आच्छादन, तेही ओलसर आणि मातीनं दाबलेलं. सुकं गवत टेकडीवर मोकळं पसरणं म्हणजे आगीला आमंत्रण. सोसायटीच्या कुंपणाच्या आत ही भीती फारच कमी. तिथे सिगारेटचं थोटूक टाकणाऱ्याला आवरलं की झालं.

पन्नाशीची झाडं

माहीत आहे का, महाराष्ट्रात पन्नास वर्षांचं झाड कायद्यानं ‘वारसा वृक्ष’ ठरतं? १९७५ च्या झाडं जपण्याच्या कायद्यात २०२१ मध्ये ही सुधारणा झाली. सोबत आणखी एक भन्नाट गणित: झाड तोडावं लागलं तर त्याच्या वयाएवढी नवी झाडं लावायची. साठ वर्षांचा आंबा गेला तर साठ रोपं! फांद्या छाटायच्या असल्या तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आवार आपलं असलं तरी.

हिशेब करा. ठाणे महापालिका झाली १९८२ मध्ये, कल्याण-डोंबिवलीची १९८३ मध्ये. त्या-त्या वर्षी कुणी अंगणात लावलेलं झाड २०३२-३३ मध्ये वारसा वृक्ष होईल. तुमच्या सोसायटीत असेल तर त्याच्याभोवतीचे पेव्हर त्याआधी काढा!

फक्त बाल्कनी आहे? तरी चालेल

महाराष्ट्राचं राज्यफुलपाखरू असतं, माहीत आहे का? नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन. २०१५ मध्ये राज्यफुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. त्याच्या अळ्यांना लिंबूवर्गीय झाडांची पानं आवडतात, म्हणजे कुंडीतलं लिंबू हे त्यांचं पाळणाघर. कढीपत्ता लावलात तर त्याचा लहान भाऊ कॉमन मॉर्मन येईल. पानं कुरतडलेली दिसली तर फवारा उचलू नका, पाहुणे आलेत! ही मंडळी मोठ्या संख्येनं बघायची तर घोडबंदर रोडवर ओवळ्याची ओवळेकर वाडी आहे.

कुंडीलाही आच्छादन हवं. चार मजले वर वारा जास्त, माती भराभर सुकते. वाळलेल्या पानांचा इंचभर थर घातला की मेमध्ये दोनदाचं पाणी एकदावर येतं.

मुहूर्त काय? रोप लावायचं जूनमध्ये, पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. पावसाळाभर आच्छादन पातळ ठेवायचं. खरा जाड थर घालायचा तो ऑक्टोबर हीट सुरू होताना, म्हणजे नेमका दसऱ्याच्या सुमारास. आणि त्याच दिवशी शहरात पानांचा पूर येतो! बाजारात ‘सोनं’ म्हणून जी पानं येतात त्यात आपट्यापेक्षा कांचनाची पानं कितीदा तरी जास्त असतात. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींची पानं दुभंगलेली, ओळखायला अवघड. दुसऱ्या दिवशी हे सगळं कचराकुंडीत जातं. यंदा दसऱ्याच्या संध्याकाळी जिन्याजवळ एक रिकामी गोणी ठेवा, वर लिहा ‘सोनं इथे जमा करा’, आणि सकाळी पश्चिमेच्या झाडाखाली ओता. दोन-चार इंचांचा थर सहज होतो!